पानाच्या सोर्समध्ये जेसन-एलडी नाही, मग डेटा असतो कुठे?

तुम्ही विचारलंय की साइटवाले डेटा दिलाय म्हणतात, पण सोर्समध्ये जेसन-एलडीची (पानातली माहिती यंत्रांना वाचता यावी म्हणून लिहिण्याची पद्धत) एक ओळ दिसत नाही. तो बहुतेक वेगळ्या फाइलमध्ये आहे, पानात फक्त तिचा पत्ता असणार.

आधी पानाच्या सोर्समधल्या हेड या सुरुवातीच्या भागातले लिंक टॅग वाचा. 'रेल'मध्ये अल्टरनेट किंवा डिस्क्राइब्डबाय आणि 'टाइप'मध्ये अ‍ॅप्लिकेशन/एलडी+जेसन दिसलं की 'एचरेफ'मधला पत्ता उघडा. आरएसएस फीडही अशाच टॅगवरून सापडते. टॅग नसला तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरने 'लिंक' नावाचा हेडर (पानासोबत येणारी माहितीची ओळ) पाठवलाय का ते पाहा (नियम इंटरनेटच्या आरएफसी ८२८८ या मानक दस्तऐवजात, २०१७). अशा डेटासाठीची शब्दसूची ठेवणारं स्कीमा डॉट ऑर्ग आपल्या कॉन्टेक्स्टची (शब्दांचे अर्थ जोडून देणारी) फाइल याच हेडरमधून दाखवतं. तिथेही काही नसेल तर त्याच पत्त्याला विनंती पाठवताना 'अ‍ॅक्सेप्ट' (कोणत्या प्रकारात उत्तर हवं ते सांगणाऱ्या) हेडरमध्ये जेसन-एलडी मागून बघा. विकिपीडियातली माहिती डेटा म्हणून देणारं डीबीपीडिया अशा वेळी ३०३ ('दुसऱ्या पत्त्यावर पाहा' असा कोड) देऊन डेटाच्या पत्त्यावर पाठवतं.

फाइल सापडली की खरी काळजी पुढे आहे. मी नाशिकला वेबचंच काम करतो. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या साइटवर काही प्लॉटांचा डेटा पानातच होता, काहींचा वेगळ्या फाइलमध्ये, काहींचा दोन्हीकडे. नोंदीची ओळख सांगणारा आयडी मात्र सगळीकडे '#प्लॉट' एवढाच. असा अर्धवट आयडी पानात असला तर पानाच्या पत्त्याला जोडला जातो, फाइलमध्ये असला तर फाइलच्या पत्त्याला. त्यामुळे एकाच बागेच्या आमच्याकडे दोन-दोन नोंदी झाल्या आणि कारण कळेपर्यंत दोन दिवस गेले. आयडी एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिल्यावरच ते थांबलं. म्हणून फाइल वाचताना, रीडायरेक्ट झाला असेल तर शेवटी जिथे पोचलात तो पत्ता अर्धवट आयडीसाठी आधार धरा, पानाचा नको.

काही जण स्क्रिप्ट टॅगला 'एसआरसी' देऊन जेसन-एलडी जोडतात. एचटीएमएलच्या नियमात ते बसत नाही, ब्राउझर ती फाइल आणतच नाही. पण तुम्ही क्रॉलर (पानं आपोआप वाचत जाणारा प्रोग्राम) लिहीत असाल तर ती जरूर आणा, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते स्पष्ट असतं.

साइट तुमची स्वतःची असेल तर गूगलसाठी डेटा पानातच ठेवा. त्यांच्या मार्गदर्शिकेतले असा डेटा लिहिण्याचे जेसन-एलडी, मायक्रोडेटा आणि आरडीएफए हे तिन्ही प्रकार पानात लिहायचेच आहेत. लिंक दिलेली फाइल बाकीच्यांसाठी सोबत असू द्या, फक्त दोन्हीकडचे आयडी अक्षरशः एक ठेवा.