येशूचं पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच ना?

तुम्ही विचारलंय, येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला हा पुनर्जन्मच की, मग ख्रिस्ती लोक त्याला नाताळपेक्षा मोठं का मानतात? मी वसईचा कॅथलिक. पंडित नाही, पण दर ईस्टरला, म्हणजे या पुनरुत्थानाच्या सणाला, प्रवचन ऐकत वाढलोय, तेवढ्या भांडवलावर सांगतो.

पुनर्जन्म नाही. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा शरीर बदलतो, ही गीतेतली उपमा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. इथे वस्त्र टाकलेलंच नाही. ज्या देहाला खिळे ठोकले तोच उठला, खुणांसकट. त्याचा शिष्य थोमा हटून बसला होता की जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. येशूने त्याच्यापुढे त्या जखमाच धरल्या. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एका चरित्रात, शिष्यांना वाटतं भूत आलं. तेव्हा तो विचारतो, खायला काही आहे का? आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. (आम्हा वसईकरांची ही लाडकी ओळ.) तरीही त्याची अनुयायी मरीया मग्दालीया त्याला आधी माळी समजते, आणि दारं बंद असताना तो खोलीत येऊन उभा राहतो. म्हणजे प्रेतात पुन्हा धुगधुगी आली, एवढंच ते नाही. येशूने मेलेल्या लाजरला उठवलं, तो याच आयुष्यात परतला, त्याचं मरण फक्त पुढे गेलं. येशू आता मरायचा नाही, असं आम्ही मानतो.

सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याने इ.स. 55 च्या सुमारास करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्टच लिहिलं की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आणि तुमचा विश्वासही फोल. अथेन्सला तो बोलत होता तोवर लोक ऐकत होते. मेलेला उठला म्हणताच काहीजण हसले. आत्मा अमर आहे, हे त्यांच्या प्लेटोसारख्या तत्त्ववेत्त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. शरीर परत कशाला हवं?

आमच्या प्रवचनांत मात्र दरवर्षी कोशातून फुलपाखरू निघतं, नाहीतर वसंत येतो. इथे ईस्टरला घामाच्या धारा लागलेल्या असतात! शिवाय फुलपाखरू आपोआप निघतं, मेलेला माणूस आपोआप उठत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पहिलं प्रवचन यापेक्षा थेट आहे: तुम्ही त्याला मारलंत, देवाने त्याला उठवलं. सत्तेने गुन्हेगार ठरवून क्रुसावर टांगलेल्या माणसाचा निकाल देवाने फिरवला. नाताळात हे कुठे असतं?

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मालवतात. बाहेर शेकोटी पेटवून धर्मगुरू एका जाड मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात, मग धूपाचे पाच खडे खोचतात. ते खडे म्हणजे येशूच्या हातापायांच्या आणि कुशीतल्या त्या पाच जखमा. त्या ज्योतीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत मागे येते. गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो. कधी आलात तर मागेच उभे राहा.