अँटिव्हायरस मधेच पासवर्ड मागतो. कोणता टाकायचा, आणि टाकायचा का?

काम चालू असताना अचानक पासवर्डचा बॉक्स आला, तर आधी एवढंच आठवा: आत्ता आपण काही इन्स्टॉल केलं, काढून टाकलं, संरक्षण बंद केलं किंवा क्वारंटाइनमधली (संशयित म्हणून अँटिव्हायरसने अडवून ठेवलेली) फाइल परत मागितली का? यातलं काहीच केलं नसेल तर कॅन्सल दाबा. त्याने काही बिघडत नाही. खरंच गरज असेल तर तेच काम पुन्हा करताना बॉक्स पुन्हा येईल.

नेहमीच्या स्कॅनला पासवर्ड लागत नाही, कारण अँटिव्हायरसची सेवा संगणक सुरू होतानाच सिस्टिमच्या अधिकाराने चालू झालेली असते. अपवाद पासवर्ड लावलेल्या झिप फाइलचा. काही सॉफ्टवेअर तिथे त्या झिपचा पासवर्ड विचारतात. तो नाही दिला तरी चालतं. आतल्या फाइल बाहेर काढताना तपासल्या जातातच.

आता कोणता पासवर्ड. संरक्षण बंद करताना किंवा सॉफ्टवेअर काढताना मागितलेला बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा असतो, म्हणजे तुम्ही किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांनी लावलेला. तिथे संगणकाचा पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी चालणार नाही. लायसन्ससाठी मागितला तर त्या कंपनीच्या खात्याचा. ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड स्कॅनसाठी कधीच लागत नाही.

विंडोज स्वतः परवानगी मागतं तेव्हा, मूळ सेटिंग बदललेलं नसेल, तर अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेल्या) खात्यावर फक्त येस आणि नो एवढंच विचारलं जातं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड किंवा पिन साध्या खात्यावर मागतात. म्हणजे घरच्या संगणकावर अ‍ॅडमिन असूनही पासवर्ड मागितला, तर तिथेच थांबा. बॉक्समधलं प्रकाशकाचं (पब्लिशर, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं) नाव वाचा. ते 'अननोन' असेल तर नो. तपशील उघडलात की फाइल कुठून चालतेय तेही दिसतं. मागचा स्क्रीन काळवंडला म्हणजे बॉक्स खरा, असं मात्र धरू नका. तो देखावा कुणालाही उभा करता येतो.

मॅकवर जास्त जपावं लागतं, असं माझं मत. तिथे साध्या स्क्रिप्टनेही हुबेहूब पासवर्डचा बॉक्स दाखवता येतो, आणि 2023 पासून पसरलेलं अ‍ॅटॉमिक स्टीलर हे पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. 'मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा, नकली असेल तर स्वीकारेल' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो कुचकामी आहे. असे प्रोग्राम टाकलेला पासवर्ड तिथल्या तिथे पडताळतात आणि बरोबर मिळेपर्यंत पुन्हा विचारत राहतात. अँटिव्हायरसला फुल डिस्क अ‍ॅक्सेस (सगळ्या फाइल वाचण्याची परवानगी) द्यायचा असेल, तर तो बॉक्स बंद करा, स्वतः सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा आणि तिथलं बटण चालू करा.

मॅकचा लॉगिन पासवर्ड रीसेट केल्यावर 'कीचेन'चा (मॅक पासवर्ड साठवतो त्या तिजोरीचा) बॉक्स सारखा येऊ लागला तर तो व्हायरस नसतो. कीचेनला अजून जुनाच पासवर्ड लावलेला असतो, म्हणून तिथे जुनाच टाकायचा.

ब्राउझरमध्ये आलेला 'सुरक्षा इशारा' माउसने धरून ब्राउझरच्या खिडकीबाहेर ओढून बघा. कडेला अडकला, तर ते वेबपानावरचं चित्र आहे. बाहेर आला म्हणून लगेच खरा ठरत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पासवर्ड देऊन बसला असाल, तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या खात्यांचं रीसेट तिथेच येतं. बदलताना सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करणारा पर्यायही निवडा. चोरलेल्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या फाइल) वापरल्या तर नवा पासवर्ड माहीत नसतानाही खात्यात शिरता येतं. विंडोज असेल तर त्यानंतर डिफेंडरचं (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक रीस्टार्ट होतो आणि साधारण 15 मिनिटं जातात, म्हणून उघडी कामं आधी सेव्ह करा. संगणकाचा स्वतःचा पासवर्ड सफाई झाल्यावरच बदला, नाहीतर नवाही त्याच हातात जाईल.