टॉन्सिलवरचा मस, मानेतली गाठ आणि एचपीव्ही

प्रश्न : वय ३४, व्यसन नाही. आरशात पाहताना डाव्या टॉन्सिलवर पांढुरका, खडबडीत मस दिसला. दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘पॅपिलोमा आहे, एचपीव्हीमुळे होतो.’ एचपीव्हीने घशाचा कॅन्सर होतो असं वाचल्यापासून झोप उडाली आहे. दोन्ही टॉन्सिल काढून टाकावेत का? (नाशिक)

उत्तर : टॉन्सिल काढू नका. मस मात्र काढून घ्या.

एचपीव्ही हा एकच विषाणू नाही. त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. घशातल्या साध्या मसांमध्ये सापडतात ते बहुधा ६ आणि ११ क्रमांकाचे. घशाच्या कर्करोगामागे असतो तो मुख्यतः १६ क्रमांकाचा. सहाचा पुढे सोळा होत नाही. टॉन्सिलवरच्या साध्या पॅपिलोमाचा कर्करोग होणं अगदी विरळा. तो सहसा काही मिलिमीटरचा, देठावर लोंबणारा, फुलकोबीसारखा दिसतो आणि दुखत नाही.

तरीही तो काढायचा, कारण नुसत्या नजरेने केलेलं निदान हा अंदाजच असतो. देठाच्या मुळाशी थोडा भाग घेऊन मस कापतात. काम काही मिनिटांचं असतं. गडबड होते ती नंतर. ‘एवढासा तर मस’ म्हणून तुकडा फेकून दिला जातो, किंवा सलाईनच्या बाटलीत पाठवला जातो आणि लॅबपर्यंत पोहोचेस्तोवर खराब होतो. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच जायला हवा, आणि द्रव तुकड्याच्या दहापट तरी असावा. हे आधीच विचारून ठेवा. रिपोर्टमध्ये ‘स्क्वॅमस पॅपिलोमा, डिस्प्लेशिया (पेशींतला कर्करोगपूर्व बदल) नाही’ असं आलं की विषय संपला. ‘कॉइलोसाइट’ हा शब्द दिसला तर दचकू नका. पेशींवर विषाणूचा परिणाम दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

निरोगी टॉन्सिल काढून संरक्षण मिळत नाही, कारण जिभेच्या मुळाशी तशाच ऊती उरतात आणि हा कर्करोग तिथेही होतो. शिवाय मोठ्या माणसाला या शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस चांगलंच दुखतं, आणि पहिल्या आठवड्यानंतर खपली सुटताना रक्तस्राव होऊ शकतो.

जाता जाता : घसा तपासायचाच तर महिन्यातून एकदा, तोंडाने श्वास घेत, जीभ बाहेर न ओढता, मोबाइलच्या उजेडात. जिभेच्या पार मागे ओळीने असलेले आठ-बारा उंचवटे सगळ्यांनाच असतात. टॉन्सिलच्या खाचेतला दुर्गंधी पांढरा खडा आणि गुळगुळीत पिवळसर फोड हेही निरुपद्रवी. इअरबडने टोचू नका; त्याने झालेली जखम आठवडाभर नवी काळजी लावते.

प्रश्न : पतीचं वय ५२. तंबाखू, दारू काही नाही. जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन महिन्यांपासून गाठ आहे, दुखत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. आता टीबीची औषधं सुरू करू म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर : आधी सुईची तपासणी, मग औषध. आपल्याकडे मानेतल्या गाठी टीबीच्या असतात हे खरं, पण त्यालाही पुरावा लागतो. सुईने काढलेल्या नमुन्यातूनच टीबीची सीबीनॅट चाचणी होते, त्यामुळे एकाच टोचण्यात टीबी आणि कर्करोग या दोन्ही शंकांचा तपास लागतो.

चाळिशीनंतर मानेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांहून जास्त राहिली, तर ती कर्करोगाची नाही हे सिद्ध होईपर्यंत संशय सोडायचा नसतो. एचपीव्हीच्या कर्करोगाची ही नेहमीची खोडी आहे : मूळ जागा टॉन्सिलच्या खाचेत काही मिलिमीटरची, घसा पाहिला तर जवळजवळ स्वच्छ, आणि पहिली खूण थेट मानेत. शिवाय ही गाठ अनेकदा आतून पाण्याने भरलेली असते. सुईत नुसता द्रव येतो, पेशी येत नाहीत आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ लागतो. अशा वेळी सोनोग्राफीत पाहत, गाठीच्या भिंतीत सुई घालून तपासणी पुन्हा करावी. ‘जन्मजात सिस्ट आहे, काढून टाकू’ असं पन्नाशीच्या माणसाला कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्याच. गाठ आधीच उघडून काढली की पुढच्या उपचाराचं नियोजन बिघडतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने जिभेचं मूळ आणि टॉन्सिल पाहून घ्या. ते बोटाने चाचपूनही पाहतील. अस्वस्थ वाटेल, पण टणकपणा बोटालाच कळतो. सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला आणि मूळ जागा दिसली नाही, तर पेट-सीटी स्कॅन आधी आणि टॉन्सिलची शस्त्रक्रिया नंतर. क्रम उलटला तर ताजी जखमच स्कॅनवर चमकते.

कर्करोग निघाला तर रिपोर्टवर ‘पी-१६’ तपासणी मागा; पी-१६ हे कर्करोग एचपीव्हीचा असल्याची खूण देणारं प्रथिन. किमान ७० टक्के पेशी ठळक रंगल्या तर ती पॉझिटिव्ह धरतात. पॉझिटिव्ह असणं इथे दिलाशाचं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात एचपीव्हीच्या घसा-कर्करोगाचे सुमारे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, इतर घसा-कर्करोगांत ५७ टक्के. २०१७ पासून तर या दोन आजारांच्या पायऱ्याही (स्टेज) वेगळ्या मोजल्या जातात.

एका बाजूचाच कान दुखणं, एकच टॉन्सिल मोठा होत जाणं, थुंकीत रक्त, गिळताना अडकणं, यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.

प्रश्न : पतीचा घशाचा कॅन्सर एचपीव्हीचा निघाला. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो म्हणे. मग त्यांचे बाहेर संबंध होते का? मलाही होईल का? (ठाणे)

उत्तर : रिपोर्टवरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि काढूही नये. हा विषाणू मुख्यतः मुखमैथुनातून घशात जातो हे खरं. पण संसर्गापासून कर्करोगापर्यंत कित्येकदा दोन-तीन दशकं जातात; तो कधी, कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगत नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो.

अशा रुग्णांच्या जोडीदारांच्या तोंडात हा विषाणू सर्वसाधारण लोकांपेक्षा फारसा जास्त सापडत नाही. एका ताटात जेवणं, जवळ झोपणं थांबवू नका. जुन्या जोडप्याने शरीरसंबंध बदलण्याचंही कारण नाही. तुम्ही गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी मात्र चुकवू नका.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला लस द्यावी का? आणि आम्ही पालकांनी गुळण्या करून एचपीव्हीची चाचणी करावी का? (पुणे)

उत्तर : चाचणीवर पैसे घालवू नका. घशासाठी एचपीव्हीची मान्य चाळणी-चाचणी नाही. पॉझिटिव्ह आली तरी त्यावर औषध नाही, निगेटिव्ह आली तरी टॉन्सिलच्या खोल खाचेतलं तिला दिसत नाही.

लस जरूर द्या. तुमच्याच गावच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे, आणि तिला मुलगे-मुली दोघांसाठी ९ ते २६ या वयोगटात मान्यता आहे. कोस्टा रिकामध्ये स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत १६-१८ विरुद्धच्या लशीमुळे तोंडातला या दोन प्रकारांचा संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळला. कर्करोग उशिरा होत असल्यामुळे प्रत्यक्ष तो किती घटला हे कळायला वेळ लागेल. अमेरिकेने मात्र २०२० मध्येच नऊ प्रकारांवरच्या लशीच्या उपयोगांत घशाचा कर्करोग घातला.

झालेला संसर्ग किंवा आलेला मस लशीने जात नाही. तंबाखू, मिश्री, सुपारीने होणाऱ्या कर्करोगावरही तिचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे तोंडाचे बहुतेक कर्करोग त्यांचेच. लस घेतलेल्या मुलाला गुटख्याबद्दल बोलायचं राहून जाऊ नये.

पंधराव्या वाढदिवसाआधी सुरुवात केली तर दोन डोस पुरतात. दुसरा सहा महिन्यांनी. पंधराव्या वाढदिवसानंतर सुरुवात केली तर तीन लागतात : आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. या वयात इंजेक्शननंतर चक्कर येणं नेहमीचं, म्हणून पंधरा मिनिटं दवाखान्यातच बसवा. परीक्षेमुळे दुसरा डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा द्यायचा.