मेंढ्यांच्या कुरणात तळी कुणाची?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये, रटलंडला राहतो. रविवारी फिरायला जातो त्या वाटेवर एका कुरणात मोठमोठे लांबट चौकोनी खड्डे आहेत, कडेला उंचवटे, पाण्याचा पत्ता नाही, आत मेंढ्या चरत असतात. नकाशावर जुन्या वळणाच्या अक्षरात 'फिशपॉन्ड्स' लिहिलंय. शेजारचे आजोबा म्हणतात मठातल्या साधूंची तळी होती, पण गावात मठ कधी नव्हताच म्हणे! मग एवढे मासे खायचं कोण, आणि पाणी गेलं कुठे?

उत्तर : आजोबांचं फार मनावर घेऊ नका, इंग्लंडमध्ये जमिनीत कुठलाही जुना खड्डा दिसला की तो साधूंच्या खात्यावर जमा होतो. मठांची तळी होती, भरपूर होती, पण सरदार, बिशप आणि खुद्द राजा यांचीही होती. यॉर्कला विल्यम राजाने 1069च्या सुमारास फॉस नदीच अडवली, किल्ल्याला पाण्याचं संरक्षण मिळालं आणि राजाच्या माशांची सोयही झाली. तुमच्या रटलंडमध्येच लिडिंग्टनला लिंकनच्या बिशपांचा वाडा होता, त्याची तळी अजून शेतात दिसतात, एकदा चक्कर मारून या.

आता मासे कशाला, तर चर्चच्या नियमाने शुक्रवार, लेंटचे म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस आणि वर्षातले आणखी बरेच दिवस मांस बंद, मासे चालायचे. पण तळ्यांतून अख्ख्या गावाची पोटं भरायची असं समजू नका. रोजच्या उपासाला खारवलेलं हेरिंग नाहीतर वाळवलेला कॉड, म्हणजे समुद्राचा माल. तळ्यातला ताजा ब्रीम किंवा पाईक हा बड्या लोकांच्या ताटातला, पाहुण्यांसमोर मिरवायचा, मजुराला तो परवडायचा नाही. खरं सांगायचं तर मला ही तळी स्वयंपाकघरापेक्षा दिवाणखान्याचा भाग जास्त वाटतात. (कार्प मासा तेव्हा नव्हताच, तो इंग्लंडमध्ये 15व्या शतकात आला.)

आता त्या खड्ड्यांकडे नीट बघा. ओढ्याच्या खोऱ्यात आडवा जो सगळ्यात जाड उंचवटा दिसतो तो बांध, माती आणि चिकणमाती ठोकून केलेला, त्यात ओक लाकडाची मोरी बसवलेली असायची. बाजूने एखादी उथळ चरी गेलेली दिसली तर तो पुराचं जादा पाणी बाहेरच्या बाहेर काढायचा पाट, नाहीतर एका जोरदार पावसात बांध आणि मासे दोन्ही गेले असते. मोठ्या तळ्यात मासे वाढवायचे, ब्रीम मोठा व्हायला काही वर्षं लागतात, मग मोरी उघडून पाणी सोडलं की मासे बांधाजवळच्या खोल भागात गोळा होतात, तिथे जाळी टाकायची आणि धरलेले जिवंत मासे घराजवळच्या छोट्या तळ्यात आणून ठेवायचे, म्हणजे लागेल तेव्हा ताजा मासा तयार. त्या छोट्या तळ्याला 'स्ट्यू' म्हणायचे, रश्श्याच्या स्ट्यूशी त्याचा संबंध नाही, जुन्या फ्रेंचमधल्या 'कोंडून ठेवणे' अशा अर्थाच्या शब्दावरून ते आलंय. मध्येच गोल उंचवटा असेल तर ते तळ्यातलं बेट.

पाणी कुठे गेलं ते बांधच सांगतो. मी अशाच एका कुरणात जानेवारीत सकाळी उभी होते, ऊन तिरपं, खड्ड्यांच्या सावलीत दव गोठून पांढरं पडलेलं आणि बांधावरचं वितळलेलं, म्हणजे अख्खा आराखडाच गवतावर काढून ठेवल्यासारखा. बांधात एकाच ठिकाणी इंग्रजी व्हीसारखी खाच होती आणि ओढा तिथूनच जात होता. अशी खाच म्हणजे मोरी कुजून बांध फुटला असेल, नाहीतर चराईला जमीन हवी म्हणून कुणी मुद्दाम फोडला असेल. 1536 ते 1540 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केले, तिथली तळी राखायला माणसं उरली नाहीत, बाकीचीही पुढे हळूहळू गाळाने भरली. गंमत म्हणजे 1563मध्ये पार्लमेंटने बुधवारही मासे खायचा दिवस ठरवला, पण तो समुद्रावरचे कोळी आणि नौदल जगावं म्हणून, तळ्यांना त्याचा काय उपयोग!

प्रश्न : तिथे मेटल डिटेक्टर घेऊन गेलो तर चालेल का?

उत्तर : जमीनमालकाला विचारल्याशिवाय कुठेच नाही, आणि ती जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर मालक हो म्हणाला तरी नाही, 1979च्या कायद्याने हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. शिवाय तळ्यातला खरा ऐवज धातूचा नसतोच हो, ओल्या गाळात टिकलेल्या मोरीच्या फळ्या, बिया, परागकण हा तो ऐवज, उकरून हवा लागली की खराब होतो. शोधायचीच हौस असेल तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेचा लायडार डेटा फुकट मिळतो, विमानातून लेझरने मोजलेली जमीन, झाडंझुडपं वगळून. आधी तुमच्या कुरणातला बांध त्यात शोधा, मग ओढ्याने वर सरकत जा, वरच्या अंगाला आणखी एखादं तळं निघालं तर कळवा.