राज्यसेवेचा अभ्यास कधी थांबवावा?

प्रश्न : मी २९ वर्षांची असून सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत पाच वर्षे राज्यसेवेची तयारी करते आहे. दोनदा मुख्य परीक्षा दिली. आता थांबले तर ही वर्षे वाया जातील का?

उत्तर : गेलेली वर्षे भरून काढण्यासाठीच पुढची वर्षे घालवायची, असे मात्र करू नका. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की आवाक्याबाहेरचे ध्येय सोडता येणे आणि नवे ध्येय हाती घेता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि दोन्हींचा मानसिक स्वास्थ्याशी संबंध आहे. म्हणून थांबण्याआधी पुढचे काम शोधायला लागा. खुल्या प्रवर्गालाही राज्यसेवेची वयोमर्यादा ३८ वर्षे असल्यामुळे नियम तुम्हाला लवकर थांबवणार नाही. ती रेषा तुम्हालाच आखावी लागेल, आणि तीही निकालाच्या दिवशी नव्हे, तर जाहिरात येण्यापूर्वी, मन शांत असताना. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने पुणे सोडताना नोट्सचे गठ्ठे सुतळीने बांधून शेजारच्या टेबलावरच्या मुलाला दिले, पण भूगोलाची वही बॅगेत ठेवली. आज ती तालुक्याच्या गावी दहावीच्या मुलांची भूगोलाची शिकवणी घेते, त्याच वहीवरून.

प्रश्न : पूर्वपरीक्षेत अपयश आल्यापासून मुलगा घरी कोणाशी बोलत नाही. आम्ही विचारावे की गप्प राहावे?

उत्तर : विचारावे, पण पुढच्या अटेम्प्टबद्दल नव्हे; झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारावे. ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा तोंडी आली, तर त्याला एकटे सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला. तेथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : हिंजवडीत चांगली नोकरी आहे. गाडी घेतली, आता फ्लॅट बघतो आहे, तरी समाधान का वाटत नाही?

उत्तर : टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांच्या १९९३ च्या अभ्यासात, आर्थिक यशाला इतर ध्येयांपेक्षा अधिक महत्त्व देणाऱ्या तरुणांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने कमी आढळले. याचा अर्थ घर घेऊ नये असा नाही. आईवडिलांना जवळ आणण्यासाठी घेतलेले घर आणि मित्राने घेतले म्हणून घेतलेले घर, यांचा हप्ता सारखाच असला तरी तो भरतानाची मनःस्थिती सारखी नसते. तुम्ही पत्रात गाडीचे मॉडेल लिहिले आहे, फ्लॅटचे क्षेत्रफळ लिहिले आहे. त्या घरात कोण राहणार, हे मात्र लिहिलेले नाही. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी तेवढे मला लिहून कळवा.