डॉक्टर एक सांगतात, व्हिडिओ दुसरंच सांगतो, ऐकायचं कुणाचं?

प्रश्न: आईला डायबेटीस आहे आणि बाबांना रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे. घरच्या ग्रुपवर खाण्यापिण्याबद्दल रोज काहीतरी येतं, काल अंडी वाईट होती, आज चांगली झाली. आता एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेले गृहस्थ सांगतायत की सात दिवस फक्त हिरव्या ज्यूसवर राहा, शरीर डिटॉक्स होतं, आणि बाबांनी ते सोमवारपासून करायचं ठरवलंय. मी नेटवर शोधते तर दोन्ही बाजूंनी ‘स्टडी’ सापडतात. ओळखायचं कसं?

उत्तर: आधी बाबांचं बोलू, बाकीचं नंतर. तो ज्यूस सुरू करू देऊ नका. वॉरफेरिन व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणून रक्त गोठणं कमी करतं आणि हिरव्या पानांत हेच व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्यामुळे एकदम ग्लास भरभरून सुरू केलं तर गोळीचा असर कमी पडून गुठळी व्हायचा धोका वाढतो, आणि या ज्यूसच्या हिशोबाने कुणी डोस वाढवला आणि मग सात दिवसांनी ज्यूस बंद केला तर उलट रक्तस्रावाची भीती. म्हणून काही पालेभाजी सोडायची नाहीये हं, रोज साधारण सारखी खायची, डॉक्टर त्यावरच डोस बसवतात. खाण्यात मोठा बदल करायचाच असेल तर आधी त्यांना विचारा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ताची तपासणी) कधी करायची ते तेच सांगतील.

आणि डिटॉक्स म्हणाल तर ते काम लिव्हर आणि किडनी रात्रंदिवस करतातच. कुठलं विष, आधी किती होतं, सात दिवसांनी किती उरलं, हे त्या व्हिडिओत सांगितलंय का बघा. नसणार.

पण मला त्या व्हिडिओचं सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? त्याने बाबांना काहीच विचारलं नाही. वय काय, गोळ्या कुठल्या, किडनीचा रिपोर्ट कसा आहे, काहीच नाही. लाखभर लोकांना एकच डाएट सांगणारा माणूस कितीही शिकलेला असो, तुमच्या बाबांसाठी तो सल्ला नाहीच. चांगला डायटीशियन पहिल्या भेटीत बराच वेळ नुसते प्रश्न विचारतो, रिपोर्ट बघतो, काय परवडतं, घरात स्वयंपाक कोण करतं हेसुद्धा विचारतो. माझी पहिली चाळणी हीच, समोरचा आधी विचारतोय की आधी सांगतोय. दुसरी चाळणी, सांगून झाल्यावर त्याच माणसाची पावडर किंवा कोर्स विकायला येतोय का. आणि पांढऱ्या कोटावर जाऊ नका, हाडांचा डॉक्टर आहारातला तज्ज्ञ असेलच असं नाही, ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी तर कित्येक देशांत कुणीही लावू शकतं, म्हणून डिग्री आणि रजिस्ट्रेशन नक्की कशातलं आहे ते सरळ विचारा, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आता ‘स्टडी’. २०१५ साली जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान पत्रकाराने काही सहकाऱ्यांबरोबर मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला. पंधरा-सोळा माणसं, तीन आठवडे, आणि प्रत्येकाची वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे मिळून १८ मापं. निष्कर्ष काय, तर डाएटसोबत चॉकलेट खाल्लं की वजन लवकर उतरतं! पैसे भरून तो एका जर्नलमध्ये छापून आला आणि बऱ्याच देशांतल्या पेपरांनी बातमी उचलली. नंतर त्याने स्वतःच सगळं उघड केलं. माणसं इतकी कमी आणि मापं इतकी जास्त असली की एखादं माप निव्वळ योगायोगानेही ‘सिद्ध’ झाल्यासारखं दिसतं. म्हणून स्टडी म्हटलं की माणसं किती होती, किती दिवस, आणि हा एकटाच अभ्यास आहे की अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, एवढं तरी बघा.

टक्क्यांनी तर सगळेच फसतात. २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, सलामी वगैरे) खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्के वाढतो. वाचणाऱ्याला वाटतं १०० पैकी १८ जणांना होणार. तसं नाहीये, आयुष्यभरात १०० पैकी साधारण ५ जणांना होत असेल तर ते साधारण ६ होतात. कमी खावं हे खरंच, पण ‘१८ टक्के वाढला’ ऐकलं की लगेच विचारा, किती होता त्याचे?

अंड्यांचं म्हणाल तर तिथे मत खरंच बदललंय. अमेरिकेच्या सरकारी आहार मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा होती, ती २०१५ च्या आवृत्तीत काढली, कारण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटमुळे (तूप, लोणी यांत असते तशी चरबी) जास्त वाढतं असं दिसलं. पण आईला डायबेटीस आहे, तिच्यासाठी अंडी किती हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकी भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं जास्त, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, हे वर्षानुवर्षं तेच आहे. त्यात बातमी नाही म्हणून ग्रुपवर कुणी पाठवत नाही.

प्रश्न: रक्त तपासून कुठल्या पदार्थांची ‘सेन्सिटिव्हिटी’ आहे ते सांगतात, त्यात माझे वीसेक पदार्थ बंद केलेत. खरं मानू का?

उत्तर: रिपोर्टवर आयजीजी (रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी) लिहिलंय का बघा. असेल तर त्यावरून काहीही बंद करू नका. आयजीजी वाढलेला म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच बहुतेक वेळा कळतं, अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या कामासाठी ही टेस्ट नको म्हणूनच सांगतात. त्रास खरा असेल तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे जा, आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर घसा सुजत असेल किंवा श्वास लागत असेल तर तो पदार्थ आत्तापासूनच बंद आणि डॉक्टरकडे लगेच.

प्रश्न: काका रोज फॉरवर्ड पाठवतात, आता म्हणतात सगळ्यांनी लो सोडियम मीठ वापरा. चारचौघांत खोडून काढलं तर रागावतात. काय करू?

उत्तर: ग्रुपवर खोडू नका, फोन करा. आणि या वेळी काका अर्धे बरोबर आहेत, ते आधी सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरच्या स्वयंपाकासाठी अशा मिठाचा विचार करा असं सुचवलंय, पण त्यातच किडनीचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि लहान मुलं वगळलीयत. या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, किडनी नीट काम करत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. तेव्हा काकांनाच विचारा, ‘काका, तुमचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं, आणि बीपीची गोळी कुठली चालू आहे?’ उत्तर येईपर्यंत नवीन पाकीट फोडू नका म्हणावं, आणि ग्रुपवर ‘किडनीचा त्रास किंवा बीपीची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा’ ही ओळ काकांच्याच नावाने टाकायला लावा.