अमेरिकेत छापील कूपनं अजून मिळतात का, आणि त्यांनी खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत येऊन दोन महिने झाले, शेजारीण कूपनांची जाडजूड वही घेऊन दुकानात जाते आणि तुम्हाला ती मिळतात कुठे हेच कळत नाही. मी एडिसनला चौदा वर्षं राहते. मिळतात अजून, पण पूर्वीसारखी नाही.

मी आले तेव्हा रविवारच्या 'स्टार-लेजर'मध्ये कूपनांच्या पुरवण्या यायच्या. पेपर नवऱ्याने वाचायचा, कात्री माझ्या हातात. २०२५च्या फेब्रुवारीत तो पेपर छापणंच बंद झालं. आता टपालात व्हॅलपॅक या कूपनं पाठवणाऱ्या कंपनीचा निळा लिफाफा येतो, पण त्यात किराण्यापेक्षा पिझ्झा आणि गाडीचं ऑइल बदलणाऱ्यांचीच गर्दी. खरा माल दुकानातच सापडतो. शेल्फला लटकवलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे, डब्यावरच चिकटवलेली कूपनं, पावतीबरोबर निघणारी कूपनं. सीव्हीएस या औषधांच्या दुकानाची पावती तर लग्नाच्या यादीएवढी लांब असते, ती फेकण्याआधी खालपर्यंत वाचा. आमच्या लायब्ररीत एक खोकं आहे, नको असलेली कूपनं त्यात टाकायची, हवी ती घ्यायची. तुमच्या गावात आहे का विचारा.

पण गोळा करणं सोपं, त्यांवर काय लिहिलंय ते वाचणं महत्त्वाचं. पहिल्याच वर्षी मी घोळ घातला होता. टूथपेस्टवर दीड डॉलरचं कूपन घरी छापायचं होतं, दोनपेक्षा जास्त निघेनात. मग मी शहाणपणा करून त्याच्या सहा झेरॉक्स काढल्या. काउंटरवरच्या बाईंनी तिसऱ्या कूपनाला हात थांबवला आणि कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं. सगळ्यांवर तोच आकडा. मॅनेजर आला, मागे रांग खोळंबली आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्याने समजावून सांगितलं म्हणून कळलं, की दुकान ही कूपनं गोळा करून हिशेबाला पाठवतं (कूपनावरचं बारीक टाइप वाचलंत तर अनेकदा टेक्सासच्या डेल रिओचा पत्ता दिसेल) आणि माल बनवणारी कंपनी दुकानाला तेवढे पैसे, वर हाताळणीचे सहसा आठ सेंट देते. झेरॉक्सचे पैसे कोणी देत नाही. शिवाय ती सरळ सरळ फसवणूक ठरते.

त्याच बारीक टाइपात 'पर्चेस' आणि 'ट्रान्झॅक्शन' हे दोन शब्द शोधा. 'वन पर पर्चेस' म्हणजे एका वस्तूला एक, त्यामुळे चार ट्यूब घेतल्या तर चार वेगवेगळी मूळ कूपनं चालतात. 'वन पर ट्रान्झॅक्शन' म्हणजे अख्ख्या बिलावर एकच.

दुसरं म्हणजे कूपन मिळालं की त्याच दिवशी धावू नका. समजा, डिटर्जंट नेहमी नऊ डॉलरला मिळतं. कूपन दोन डॉलरचं. ते फोल्डरमध्ये ठेवून द्यायचं आणि डिटर्जंट सेलमध्ये सहाला आलं की काढायचं. पडलं चारला. शेल्फवर ते संपलं असेल तर काउंटरवर 'रेन चेक' मागा. देणारी दुकानं चिठ्ठी लिहून देतात, नंतर तोच भाव मिळतो. फक्त तोवर कूपनाची मुदत संपत नाही ना, ते बघा. मात्र न्यू जर्सीतला ६.६२५ टक्के विक्रीकर त्या चारवर नाही, सहावर लागेल, कारण कंपनीच्या कूपनाचे दोन डॉलर दुकानाला परत मिळणार असतात. कूपन दुकानाचं स्वतःचं असेल तर कर कमी झालेल्या रकमेवर. काही दुकानं कंपनीचं एक आणि स्वतःचं एक अशी दोन्ही एकाच वस्तूवर घेतात, काउंटरवर आधी विचारून घ्या. आणि शेजारी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची बाटली साडेतीनला असेल तर कूपन गेलं उडत.

मुदतीची तारीख आता बहुतेक दुकानं काटेकोर पाहतात. बेड बाथ अँड बियॉन्ड या घरसामानाच्या दुकानांची ती निळी वीस टक्केवाली कूपनं मुदत संपली तरी चालायची, म्हणून घरोघरी साठे होते. २०२३ला त्यांची दुकानं बंद पडली. माझ्या ड्रॉवरमध्ये अजून अकरा पडून आहेत, टाकवत नाहीत.

तूरडाळ, पोहे, कणीक यांच्यासाठी कूपन शोधत बसू नका. त्यासाठी एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांची सेलची पत्रकं बघायची, आणि दिवाळीच्या आधी डब्यात थोडी जागा ठेवायची.